भक्ती ही अद्वैताची खालची पायरी नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आषाढी आणि कार्तिकी जवळ आली की सर्वच मराठी दैनिकांतून संतविचारांवरील स्फुट लेखन वाढते. ते वाढावे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु या लेखनात, आणि त्याहून अधिक गावोगावच्या प्रवचनांत, एक मांडणी इतक्या बिनदिक्कत गृहीत धरली जाते की तिच्याविषयी शंका घ्यावी असे कोणाला वाटतही नाही. भक्ती साध्याभोळ्यांसाठी आणि अद्वैत, म्हणजे जीव आणि ब्रह्म एकच हा सिद्धान्त, विचारवंतांसाठी. मूर्ती, नाम आणि टाळमृदंग ही सुरुवात, ‘अहं ब्रह्मास्मि’ हा शेवट. आणि शेवटास पोहोचलेल्याला सुरुवातीची गरज उरत नाही, अशी ती मांडणी. याचीच उलटी बाजू काही कीर्तनांतून ऐकू येते. तेथे ज्ञानी म्हणजे हटकून कोरडा आणि तर्कट मनुष्य, आणि वेदान्त म्हणजे भक्ताने चुकूनही शिरू नये असे आडरान. हे दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडतात खरे, पण दोघांच्या बोलण्याखाली समजूत एकच आहे, ती म्हणजे ज्ञान आले की भक्ती संपते. एकाला त्याचा अभिमान वाटतो आणि दुसऱ्याला धास्ती, एवढाच काय तो फरक. ज्या संतांच्या आणि आचार्यांच्या नावाने हे सारे बोलले जाते, त्यांनी ही समजूत नि:संदिग्ध शब्दांत नाकारलेली आहे, हे दाखवण्यासाठी हा पत्रप्रपंच.

सर्वांच्या तोंडी असलेल्या तुकोबांपासूनच सुरुवात करतो. ‘नको ब्रह्मज्ञान आत्मस्थितिभाव । मी भक्त तूं देव ऐसें करीं’ हा चरण तुकोबा वेदान्ताच्या विरोधात होते हे सिद्ध करण्यासाठी हमखास पुढे केला जातो. ‘अणुरणीया थोकडा । तुका आकाशाएवढा’ हा चरण ते अखेरीस भक्ती ओलांडून गेले हे सिद्ध करण्यासाठी. दोन्ही चरण त्याच एका गाथेतले. त्यांपैकी एक हाती घेऊन दुसऱ्याकडे पाठ फिरवायची आणि आपल्या आवडीचा तुकाराम उभा करायचा, ही आता रीतच होऊन बसली आहे. पहिल्या अभंगात ‘नको’ म्हटल्यानंतर लगेच जे मागितले आहे ते पाहावे: ‘दावीं रूप मज गोपिकारमणा । ठेवूं दे चरणांवरी माथा’. येथे कोणत्याही सिद्धान्ताचे खंडन चाललेले नाही. हे लडिवाळ मागणे आहे, आणि ज्याच्या दारात ब्रह्मज्ञान येऊन उभे राहिलेले नाही त्याला ते नाकारण्याची उठाठेव करावी लागत नाही. याच गाथेत ‘गोडीपणें जैसा गुळ । तैसा देव झाला सकळ’ असे म्हणून झाल्यावर तुकोबा स्वतःच विचारतात, ‘आतां भजों कवणे परी । देव सबाह्य अंतरी’. अद्वैतात भक्ती कशी शक्य आहे, हा पेच आधुनिक समीक्षकांनी शोधून काढलेला नाही. तो तुकोबांनी आपल्या तोंडाने मांडला आहे. पाण्याहून तरंग निराळा नाही, सोने अलंकाराच्या नावाने वावरते, ‘तुका म्हणे तैसे आम्ही’, असे त्याचे उत्तरही तेथेच आहे. तरंग पाणीच आहे म्हणून त्याने उसळायचे थांबवावे, असे या उत्तरात कोठेही नाही.

तुकोबांच्या या उत्तराची बैठक त्यांच्या आधी साडेतीनशे वर्षे नेवाशात घातली गेली होती. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीचा अठरावा अध्याय या प्रश्नावर इतका तपशिलात बोलतो की तो वाचल्यावर ‘ज्ञानाआधी भक्ती की नंतर’ हा वाद मुळात कसा टिकून राहिला, याचे आश्चर्य वाटते. गीतेचा क्रमच तेथे पाहण्यासारखा आहे. ‘ब्रह्मभूतः प्रसन्नात्मा’ या श्लोकात ब्रह्मरूप झालेल्या, शोक आणि आकांक्षा संपलेल्या, सर्व भूतांच्या ठायी सम झालेल्या पुरुषाचे वर्णन करून शेवटी ‘मद्भक्तिं लभते पराम्’ असे म्हटले आहे. त्याला काय मिळते, तर पराभक्ती. म्हणजे भक्ती करून करून मनुष्य ब्रह्मरूप होतो आणि मग भक्ती गळून पडते, असा क्रम येथे नाही. ब्रह्मरूप झाल्यावर जी हाती येते तिलाच येथे परा म्हटले आहे. शंकराचार्यांनीही आपल्या भाष्यात या पराभक्तीला ज्ञानलक्षणा म्हटले आहे, आणि सातव्या अध्यायात सांगितलेल्या आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी या चौघांतील चौथ्याची भक्ती तीच, असा निर्वाळा दिला आहे. ‘भाष्यकारांतें वाट पुसतु’ आपण चाललो आहोत असे सांगणारे ज्ञानदेव येथपर्यंत त्या वाटेनेच जातात आणि मग थोडे पुढे सरकतात. ते म्हणतात:

‘ज्ञानी इयेतें स्वसंवित्ती । शैव म्हणती शक्ती । आम्ही परम भक्ती । आपुली म्हणों ॥’

या ओवीतला ‘आम्ही’ कोणाचा, हे विसरता कामा नये. बोलणारे श्रीकृष्ण आहेत. वेदान्ती जिला स्वसंवित्ती, म्हणजे स्वतःची स्वतःला असलेली जाणीव, म्हणतात आणि शैव जिला शक्ती म्हणतात, तिलाच देव आपली परम भक्ती म्हणत आहे. त्याच प्रकरणात, देवाच्या सहज प्रकाशालाच भक्ती हे नाव आहे आणि आर्ताची व्याकुळता, जिज्ञासूची जिज्ञासा, अर्थार्थीची इच्छा ही सारी त्या एकाच प्रकाशाची रूपे आहेत, असे ज्ञानदेव उलगडून सांगतात. त्यामुळे मंदिराबाहेर रांगेत उभे राहून लेकराच्या आजारपणासाठी नवस बोलणारी बाई आणि एकांतात आत्मविचार करणारा संन्यासी यांच्यात मोठा-लहान ठरवण्याचा आपला उत्साह ज्ञानेश्वरीपुढे मावळायला हवा. दोघांत फरक नाही असे ज्ञानदेव म्हणत नाहीत. पण त्या बाईच्या व्याकुळतेतही जे प्रकाशते ते दुसरे काही नाही, असे मात्र निश्चित म्हणतात. आणि मग ती सुप्रसिद्ध ओवी येते: ‘तैसी क्रिया कीर न साहे । तऱ्ही अद्वैतीं भक्ति आहे । हें अनुभवाचिजोगें नव्हे । बोलाऐसें ॥’ अद्वैताला क्रिया सोसत नाही हे त्यांना मान्यच आहे. करणारा, करणे आणि ज्याच्यासाठी करायचे तो, ही त्रिपुटी तेथे टिकत नाही. तरीही अद्वैतात भक्ती आहे, आणि ती अनुभवण्याजोगी आहे, बोलण्यासारखी नव्हे. मोठमोठ्या युक्तिवादांनी पाने भरणाऱ्या ग्रंथकाराने नेमक्या या जागी युक्तिवाद खाली ठेवला, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

बोलण्यासारखी नव्हे असे म्हणूनही ते गप्प बसले नाहीत, हे आपले भाग्य. सुमारे आठशे ओव्यांच्या ‘अमृतानुभवा’त गीतेच्या श्लोकांचे बंधन नव्हते, परंपरेचा अर्थ सांभाळायचा नव्हता. त्याच्या आरंभीच शिव आणि शक्ती यांचे असे वर्णन आहे की दोघे म्हणावेत तर एकापासून दुसरे वेगळे काढता येत नाही, आणि एक म्हणावे तर त्यांचे परस्परांवरचे प्रेम संपत नाही. पुढे ‘ज्ञान बंधु ऐसें । शिवसूत्राचेनि मिसें’ असा शिवसूत्रांचा हवाला देऊन, अज्ञानाला हटवून मिरवणारे ज्ञान हेही बंधनच, असे ते बजावतात. आणि नवव्या प्रकरणात, जीवन्मुक्ताच्या, म्हणजे देह असतानाच मुक्त झालेल्याच्या, स्थितीचे वर्णन करताना, ज्या ओवीने हा सगळा वादच निकालात काढला ती येते:

‘देव देऊळ परिवारु । कीजे कोरूनि डोंगरु । तैसा भक्तीचा व्यवहारु । कां न व्हावा ॥’

डोंगर कोरून देव करतात, देऊळ करतात, देवाचा परिवारही करतात. मग भक्तीचा व्यवहार तसाच का होऊ नये? ही ओवी वाचताना माझ्या डोळ्यांसमोर वेरूळचे कैलास लेणे उभे राहते, आणि ज्ञानदेवांच्याही उभे राहिले असावे असे मला नेहमी वाटते. आपेगाव, पैठण, नेवासे हा सारा टापू वेरूळपासून काही फार दूर नाही. आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी खोदवलेले हे देऊळ वरून खाली कोरत आणले आहे. शिखर आधी आणि पाया शेवटी. तेथील नंदीमंडप, ध्वजस्तंभ, जोत्याला पाठ देऊन उभे असलेले हत्ती, खाली कैलास हलवू पाहणारा रावण आणि वर निश्चिंत बसलेले शिवपार्वती, हे सारे एकाच कातळाचे आहे. देव कोणता, देऊळ कोणते आणि देवापुढे वाकलेला कोण, हे आपल्याला डोळ्यांनी स्पष्ट दिसते, त्यात घोटाळा होत नाही. पण हाताने चाचपले तर सगळीकडे तोच पाषाण लागतो. दुसरा दगड कोठूनही आणलेला नाही. पाषाण एकच आहे म्हणून मूर्ती खोट्या ठरत नाहीत, आणि मूर्ती अनेक आहेत म्हणून पाषाण दुभंगत नाही. जीवन्मुक्ताचे भजन असे असते, असे ज्ञानदेवांचे सांगणे आहे. या प्रकरणात भक्तीला त्यांनी लावलेले ‘अकृत्रिम’ हे विशेषण त्यामुळेच ध्यानात ठेवावे लागते: तेथे भक्ती करावी लागत नाही, आणि न करण्याचाही प्रश्न उरत नाही.

कोणी म्हणेल की हे अमृतानुभवाचे तत्त्वज्ञान मूठभर अभ्यासकांसाठी ठीक आहे, वारकऱ्याला त्याचे काय? त्याने हरिपाठ उघडावा. खेड्यापाड्यांतील देवळांत रोज संध्याकाळी जो टाळांच्या साथीने म्हटला जातो, त्याच्या पहिल्या अभंगात ‘देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी । तेणें मुक्ति चारी साधियेल्या’ असे आहे, आणि दोन अभंग ओलांडले की ‘त्रिगुण असार निर्गुण हें सार । सारासार विचार हरिपाठ’. दारात उभे राहणे आणि निर्गुणाचा विचार या गोष्टी तेथे वेगवेगळ्या वर्गांत शिकवलेल्या नाहीत. लिहितावाचता न येणारी माणसेसुद्धा हे चरण पिढ्यान्‌पिढ्या एका दमात म्हणत आली आहेत, आणि त्यांना त्यात काही विसंगत वाटलेले नाही.

आता नामदेवांची कथा. पायरीचा सिद्धान्त मांडणाऱ्यांचे हे आवडते अस्त्र आहे, म्हणून तिच्याकडे जरा नीट पाहू. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असता, थापटण्याने मडकी पारखतात तशी गोरोबांनी सगळ्यांची डोकी पारखली. बाकीचे शांत बसले, नामदेवांना मात्र राग आला, आणि मडके कच्चे ठरले. ते तडक पंढरपूरला विठ्ठलाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले. विठ्ठलाने त्यांना विसोबा खेचरांकडे, औंढ्या नागनाथाला पाठवले. तेथे विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी ते उचलून दुसरीकडे ठेवू म्हटले तर जेथे पाय ठेवावेत तेथे पिंडी. एवढे सांगून कथेकरी थांबतो आणि म्हणतो: पाहा, सगुणाचा नाद सुटला आणि नामदेव पक्के झाले.

पण कथा तेथे थांबत नाही. एक तर नामदेवांना गुरूकडे पाठवणारा विठ्ठलच आहे. ज्याला मागे टाकायचे तोच वाट दाखवतो आहे, हे या कथेत कोणाच्या नजरेस कसे येत नाही? दुसरे असे की पिंडी कोठेच नाही असा बोध विसोबांनी दिला नाही, पिंडी नाही अशी जागाच नाही असा दिला. यातून मूर्ती मोडण्याची बुद्धी व्हायची, की जेथे पाऊल पडेल तेथे जपून टाकण्याची? आणि तिसरी, सर्वांत ठळक गोष्ट अशी की बोध झाल्यानंतर नामदेवांनी पंढरी सोडली नाही. ज्ञानदेवांबरोबर तीर्थयात्रा करताना त्यांना विठ्ठलाचा विरह सोसवत नाही. ज्ञानदेवांच्या मागे ते अर्धशतकाहून अधिक काळ जगले, पंजाबात घुमानपर्यंत नाम घेऊन गेले, त्यांची पदे शिखांच्या आदिग्रंथात समाविष्ट झाली, आणि परंपरेनुसार त्यांनी समाधीसाठी जागा मागितली ती विठ्ठलाच्या महाद्वारातल्या पायरीची, संतांचे पाय लागावेत म्हणून. पक्क्या झालेल्या मडक्याने शेवटी काय केले याचे हे उत्तर आहे. कथेचा उत्तरार्ध गाळून पूर्वार्धावर सिद्धान्त उभारणे हा नामदेवांवर अन्याय आहे, आणि विसोबांवरही.

हा सूर एकट्या महाराष्ट्राचा आहे असेही नाही. सोळाव्या शतकातील मधुसूदन सरस्वती हे अद्वैताचे केवढे मोठे कैवारी. व्यासतीर्थांनी ‘न्यायामृता’त द्वैताच्या बाजूने अद्वैतावर जो कडेकोट हल्ला चढवला, त्याला ‘अद्वैतसिद्धी’ लिहून उत्तर देणारे तेच. त्याच लेखणीतून ‘भक्तिरसायन’ उतरले, आणि बासरी धारण करणाऱ्या त्या कृष्णाहून पलीकडचे कोणतेही तत्त्व मी जाणत नाही, ‘कृष्णात्परं किमपि तत्त्वमहं न जाने’, असेही त्यांनीच लिहिले. प्रतिपक्षाच्या एकेका वाक्याचे तुकडे करणारा हा नैयायिक बुद्धीचा संन्यासी भावनेच्या भरात घसरला असेल, हे संभवत नाही. शंकराचार्यांच्या नावे असलेल्या षट्पदी स्तोत्रात ‘सत्यपि भेदापगमे नाथ तवाहं न मामकीनस्त्वम्’ असे आहे. भेद गेला तरी, हे नाथा, मी तुझा आहे, तू माझा नव्हेस, कारण तरंग समुद्राचा असतो, समुद्र तरंगाचा नसतो. दक्षिणेश्वरला रामकृष्ण परमहंसांना अद्वैताची दीक्षा देणारे तोतापुरी तर भजनाची थट्टाच करीत. टाळ्या वाजवून नाम घेणाऱ्या आपल्या शिष्याला त्यांनी ‘रोट्या थापतोस काय’ असे विचारल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. एका जागी तीन दिवसांहून अधिक न राहणारे हे तोतापुरी तेथे अकरा महिने राहिले. शिष्याने निर्विकल्प समाधी अनुभवली, पण कालीमातेचे पाय सोडले नाहीत. तिरुवण्णामलैच्या रमण महर्षींची ओळख आपल्याकडे ‘मी कोण’ या एका प्रश्नापुरती आहे. अरुणाचलाला आळवणारी त्यांची एकशेआठ कडव्यांची अक्षरमणमाला किती जणांनी वाचली आहे?

आपल्याकडेच पाहायचे तर विदर्भातील गुलाबराव महाराजांकडे पाहावे. 1881 मध्ये जन्मलेल्या या सत्पुरुषाची दृष्टी तान्हेपणीच गेली, आणि अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभरावर ग्रंथ सांगितले. वेदान्तावरच नव्हे, तर पाश्चात्त्य विज्ञान आणि उत्क्रांतिवाद यांवरही ते वाद घालीत. हेच महाराज स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत आणि श्रीकृष्णाची पत्नी या भावाने कुंकू व मंगळसूत्र धारण करीत. त्यांनी आपल्या संप्रदायाला मधुराद्वैत हे नाव दिले. त्या काळच्या सुशिक्षितांना हे विचित्र वाटले असणार, आजच्यांनाही वाटते; म्हणून त्यांच्याविषयी लिहिताना बहुधा त्यांच्या बुद्धीचे कौतुक होते आणि मंगळसूत्राकडे कानाडोळा केला जातो. माझ्या मते असे करून आपण त्यांच्या शिकवणीचा अर्धा भाग, आणि तोही त्यांना अधिक प्रिय असलेला, टाकून देतो. ऐक्याचा बोध पुरता झाल्यावर प्रेमाला जे रूप घ्यावेसे वाटेल ते घेण्याची त्याला मुभा आहे, हे त्यांनी नुसते लिहिले नाही; ते तसे वागले.

आणखी अलीकडचे आणि जगभर गाजलेले उदाहरण निसर्गदत्त महाराजांचे. मुंबईत खेतवाडीतल्या लहानशा पोटमाळ्यावर, विडीच्या दुकानावर उपजीविका करणारा हा मनुष्य येणाऱ्यांच्या प्रश्नांना अतिशय रोखठोक उत्तरे देई. 1973 मध्ये त्यांच्या संवादांचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि देशोदेशींचे लोक त्या जिन्याच्या पायऱ्या चढू लागले. देह तू नव्हेस, मन तू नव्हेस, ‘मी आहे’ या जाणिवेच्याही अलीकडे जा, हे त्यांचे सांगणे आता सर्वत्र वाचले जाते. जे फारसे वाचले जात नाही ते असे की त्याच खोलीत रोज ठरलेल्या वेळी, दिवसातून अनेकदा, भजन होत असे. त्यांचे गुरू सिद्धरामेश्वर महाराज यांचे 1936 साली देहावसान होऊन कित्येक वर्षे लोटली होती, तरी त्यांच्या तसबिरीची पूजा आणि आरती चुकत नसे. या गुरुशिष्यांच्या इंचगिरी संप्रदायाची ही शिस्तच आहे. दासबोधाचे वाचन, नामाची बैठक आणि भजन यांना तेथे फाटा नाही. त्यांच्या नावाने आज मांडल्या जाणाऱ्या झटपट अद्वैतात ही भजने वगळलेली असतात, जणू तो स्थानिक रिवाज होता आणि शिकवण वेगळी होती. ज्या माणसाने आयुष्यभर कोणत्याही रिवाजाची भीड बाळगली नाही, त्याने हे एवढे मात्र केवळ भिडेखातर केले असे समजायचे का?

समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्ती सांगताना शेवटी आत्मनिवेदन ठेवले, आणि तेथे ‘भक्त म्हणिजे विभक्त नव्हे । आणि विभक्त म्हणिजे भक्त नव्हे’ असे सांगून टाकले. श्रवण-कीर्तनापासून निघालेली वाट ऐक्यात पोहोचते, आणि तरीही त्या ऐक्याची गणना नऊ भक्तींतच होते, ज्ञान म्हणून वेगळी होत नाही. यावर अधिक भाष्याची गरज नाही.

येथे एका प्रामाणिक आक्षेपाची दखल घेतली पाहिजे. रामानुजाचार्य आणि मध्वाचार्य यांना हा मेळ मान्य नव्हता. प्रेमाला दोघे लागतात. जीव आणि ईश्वर खरोखरच एक असतील तर शरण कोण जाणार आणि कृपा कोणावर होणार, हा त्यांच्या परंपरांचा प्रश्न आहे आणि तो पोरकट नाही. ‘सगळे आचार्य शेवटी एकच सांगतात’ असे म्हणून त्यावर पांघरूण घालणे हा त्यांचा अपमान आहे. या आचार्यांनी शतकानुशतके वाद घातले ते त्यांच्यात खरा मतभेद होता म्हणूनच. माझे म्हणणे इतकेच की आपल्या संतांनी हा आक्षेप टाळला नाही, तो पोटात घेतला. दोन असल्याशिवाय प्रेम नाही, हे त्यांनी मान्य केले. पण ते दोनपण एकाच वस्तूने आपल्या आनंदासाठी पत्करलेले असू शकते, असे उत्तर दिले. ‘भक्त्यर्थं कल्पितं द्वैतम् अद्वैतादपि सुन्दरम्’, भक्तीसाठी कल्पिलेले द्वैत अद्वैताहूनही सुंदर, हे ‘बोधसार’ या वेदान्तग्रंथातले वचन याच परंपरेचे. मध्वांच्या अनुयायाला या उत्तराने समाधान होणार नाही. त्याचे समाधान होत नाही एवढ्यावरून आपल्या बाजूने त्याला अडाणी ठरवण्याचे कारण नाही.

मला अधिक बोचते ते दुसरेच. ‘जें जें भेटे भूत । तें तें मानिजे भगवंत । हा भक्तियोगु निश्चित । जाण माझा’ असे ज्ञानदेवांनी दहाव्या अध्यायात लिहिले. अद्वैत आणि भक्ती यांचा मेळ याहून सोप्या शब्दांत कोणी सांगितला असेल असे वाटत नाही, आणि त्याची कसोटीही त्या ओवीतच आहे: भेटणाऱ्या भूतामात्राशी आपण कसे वागतो. ‘विष्णुमय जग वैष्णवांचा धर्म । भेदाभेदभ्रम अमंगळ’ हे शतकानुशतके गात गात आपण पंढरपूरला जात होतो आणि चोखोबांच्या जातभाईंना महाद्वाराबाहेर ठेवत होतो. ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ म्हणणाऱ्या चोखोबांची समाधीही दाराबाहेरच आहे. विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून 1947 मध्ये साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. केवळ वेदान्ताची पोपटपंची करणारे त्यात दोषी होते आणि भक्त निर्दोष होते, किंवा याच्या उलट, असे म्हणता येणार नाही. ऐक्य ग्रंथात राहिले आणि प्रेम गाभाऱ्यात राहिले, दोघांची गाठ दारात पडली नाही. ज्ञान आणि भक्ती या दोन वाटा आहेत असे एकदा मानले की हे सोयीस्कर होते: ज्ञानी म्हणतो, समता हा पारमार्थिक विषय आहे, व्यवहारात भेद पाळावा, भक्त म्हणतो, माझे नाते माझ्या देवाशी आहे, दाराबाहेर कोण उभे आहे हे पाहणे माझे काम नाही. ज्ञानदेवांच्या ओवीने ही दोन्ही पळवाटांची दारे बंद केली होती. म्हणून हा वाद केवळ पंडितांचा आहे असे मी मानत नाही.

संपादक महोदय, आता आपल्याकडे एक विनंती. दैनिकांतील अध्यात्मविषयक सदरांत संतवचने चौकटीत छापली जातात, ती बहुधा एका चरणाची असतात आणि त्यांना क्रमांक नसतो. ‘नको ब्रह्मज्ञान’ छापताना निदान पुढचा चरण छापावा, आणि ज्ञानेश्वरीतील ओवी असेल तर अध्याय आणि ओवीचा अंक द्यावा, म्हणजे ज्याला मागचेपुढचे पाहायचे आहे त्याला ते पाहता येईल. एखादे वर्षी वारीच्या पुरवणीत सुट्या वचनांची आतषबाजी बाजूला ठेवून अमृतानुभवाचे नववे प्रकरण सलग, सोप्या मराठी अर्थासह छापावे. ते फार मोठे नाही. पुरवणीच्या दोन पानांत सहज बसेल. त्या अर्थावर वेदान्ताचे अभ्यासक आणि फडावरचे कीर्तनकार अशा दोघांकडून टिपणे मागवावीत, आणि शक्य असल्यास माध्व परंपरेतील एखाद्या विद्वानाचा विरोधी अभिप्रायही त्याच पानावर द्यावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक